सुंदरबाईचं लुगडं

पारोळा, ९ जानेवारी १९७१
आलो एकदाचा! दोंडाईच्याच्या बाजारात दुसऱ्यांच्या बकऱ्या विकण्यात जन्म गेला. आता घर माझं, अंगण माझं, बकऱ्याही माझ्या. बोलायला कोणी नाही, म्हणून त्यांचं रवंथ ऐकत बसतो. कान तिखट आहेत. कोणती गाभण, हे श्वासावरून सांगतो. आधीची मालकीण सुंदरबाई पावसाळ्यात वारली. एकटीच होती. करडं म्हणे तिचा पदर सोडत नसत.

१४ जानेवारी
राखणदार उखर्डूनं आज गंमत दाखवली. पोरक्या करडाला मेलेल्या करडाचं कातडं बांधलं. त्या मेलेल्याच्या आईनं हुंगलं, चाटलं, पाजलं! धुळ्याचे गुरांचे डॉक्टर सांगायचे, पिल्लाचंही तसंच. जन्मताच मेंदूत कसलासा रस सुटतो. तेव्हा चाटणारीचा जो वास बसला, तो पुसला जात नाही. मनात आलं, तो वास माझाच का नसावा? कोणीतरी आपल्या मागे मागे यावं.

१९ जानेवारी
बकऱ्या व्याल्या. अंगाला माझ्या बिडीचा वास, त्यानं करडं बिचकतील, म्हणून माळ्यावरचं जुनं लुगडं खांद्यावर घेतलं आणि आयांनी चाटायच्या आत करडं त्यानंच खसखसून पुसली. लागली की मागे! दिवसभर एकटाच हसत होतो.

२१ जानेवारी
करडं आईला तोंड लावत नाहीत. लुगडं काढलं तर मलाही विचारत नाहीत. अंगणात जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव आहे, त्याच्या तोंडावरच्या शिळेवर जाऊन बसतात. लुगडं पाहून उखर्डू मागेच सरला. "नाना, हाई तुम्हले कोठे सापडनं? सुंदरबाईले तं याच लुगडामा जाळेल शे." म्हणे तिला याच लुगड्यात जाळलं! थट्टा पुरे म्हटलं. हसला नाही. गेला तो परत आला नाही.

२२ जानेवारी
उपाशी मरतील म्हणून पोटं चाचपली. गच्च भरलेली. ओठांना दूध. आयांच्या कासा मात्र तटतटलेल्या, कोणी शिवलेलं नाही.

२३ जानेवारी, दुपार
शिळेखाली चाटण्याचा आवाज. माझे कान फसत नाहीत.
लुगडं जाळायला घेतलं. पेटत नाही—

२४ जानेवारी, सकाळ
अंगण रिकामं. शिळा सरकलेली. करडं खाली, पेवात— चुपचुप चाललंय. त्यांना हा वास मी लावला. मीच काढीन.

दुपार
पेवाच्या तोंडाशी बसलोय. फास टाकून एक वर ओढलं. परत उडी घ्यायला बघतंय. मांडीखाली दाबून धरलंय— अंग ओलं, थरथरतंय.

डावा हात आत सोडलाय, दुसऱ्यासाठी. मनगटावर काहीतरी— गरम, खरखरीत, सावकाश— जन्मात कोणी एवढ्या मायेनं—

पुसायला हवं. लगेच पुसायला हवं, नाहीतर तो वास माझ्यात—

हात मागे घेववत ना