टाकीतलं औषध

३ फेब्रुवारी

आजही धूर! खाडीपलीकडच्या धक्क्यावर उतारू घेताना एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "बोट आहे की भट्टी?" ह्यांचं तोंड एवढंसं झालं. माणसं आता दुसऱ्याच्या नव्या बोटीची वाट बघत थांबतात, आमची जवळजवळ रिकामी सुटते.

५ फेब्रुवारी

डिझेलच्या दुकानात एक बाटली दिसली. अ‍ॅडिटिव्ह म्हणे — डिझेलमध्ये घालायचं औषध. इंजिन आतून साफ, धूर गायब! "वहिनी, एकदा घालून तर बघा," दुकानदार म्हणाला. घेतली.

जेवताना नुसता विषय काढला, तर मामंजी ताडकन, "नाही! जुनी टाकी आहे. तळाला गाळ बसलाय तो बसलेलाच बरा. औषध घालायचं तर आधी टाकी उतरवून धुवायची." ह्यांनीही मान डोलावली. बाप-लेकाचं एरवी कशातच पटत नाही. मला गप्प करायचं म्हटलं की लगेच एकमत!

मग मामंजींनी विचारलं, "आज भाजी केली नाहीस का?" अर्धी भाजी खाऊन झाली होती त्यांची. आम्ही हसलो, तेही हसले.

८ फेब्रुवारी

ओतलं. झाकणाने मोजून, आणि वर थोडं जास्तच. कुणाला सांगितलं नाही. धूर गेला की सांगेन, मग बघू दोघांची तोंडं.

१० फेब्रुवारी

धूर खरंच कमी! हे खूश आहेत, शीळ घालत होते.

मामंजी रोज सकाळी फिल्टरखालचा छोटा नळ सोडून काचेच्या बरणीत जरासं डिझेल काढतात आणि उजेडात धरून बघतात. बोट ह्यांच्या हातात दिल्यापासून तेवढं एक काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय. आज बराच वेळ बघत बसले. "गढूळ आहे गं," म्हणाले. मी म्हटलं, "मामंजी, चष्मा पुसा." बिचारे पुसायला लागले.

११ फेब्रुवारी

भर खाडीत इंजिन बंद पडलं. ओहोटीच्या ओढीने बोट जुन्या धक्क्याच्या खांबावर आदळली. बोटीत बसलेल्या शाळेतल्या बाईंचा हात मोडला. देवा, हे काय करून बसले मी!

मेकॅनिकने फिल्टर उघडला — आत काळा चिखल. "कुणीतरी औषध घातलंय. इतक्या वर्षांचा गाळ एकदम सुटला आणि इथे येऊन अडकला." हे मामंजींकडे वळले. ह्यांच्याशिवाय इंजिनाला हात लावणारे तेच. "बाबा, तुम्ही घातलंत?"

मामंजींनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घातलं असेल मीच."

इंजिनघराची किल्ली ह्यांनी त्यांच्याकडून काढून घेतली. सगळ्यांसमोर.

१२ फेब्रुवारी

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर इथे बसून लिहितोय.

त्यांनी ओळखलंच असणार. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. सुनेला बोलणी बसू नयेत म्हणून स्वतःवर घेतलं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्यांना चष्मा पुसायला सांगत होते!

ह्यांना सांगायचंय. पण हे बाईंच्या घरी जाऊन आल्यापासून कुणाशी बोलत नाहीत. राग जरा निवू दे.

१५ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१७ फेब्रुवारी

मामंजी धक्क्यावर येतच नाहीत. बरणी धुऊन खिडकीत पालथी घातलीय. रात्री जेवताना हे म्हणाले, "बाबा, आता गॅसलाही हात लावू नका." मामंजी "बरं" म्हणाले. भांडलेसुद्धा नाहीत! आणि मी भाकरी वाढत राहिले. लाज वाटते स्वतःची.

१८ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "मामंजी, माझ्यासाठी खोटं बोललात. माफ करा मला."

"खोटं? कसलं गं?" गोंधळून बघत राहिले. मग हळूच विचारलं, "मी ती बाटली ओतताना तू बघितलंस का? मला काही म्हणजे काही आठवत नाही."

"मामंजी, तुम्ही नाही, मी ओतली! मी!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उगाच माझी समजूत काढू नकोस, पोरी."