चौसष्ट लिहिलेला पेनड्राइव्ह

४ फेब्रु.
अनीसभाई सकाळीच आले. लग्नाचं शूटिंग त्यांचं, मिक्सिंग माझं. "ताई, ते स्वस्तातले पेनड्राइव्ह पूर्ण भरून बघितले का? नुसते लावून नका बघू." मी फणकारले. गेल्या वर्षी बिननावी दहा घेतले, एकाचीही तक्रार नाही.
तक्रार करणार कोण म्हणा. गणपती, नवरानवरीची नावं, एवढं पाहून टाळ्या. मग पे.ड्रा. कपाटात.

५ फेब्रु.
उरलेले चार एका लग्नाचं शूटिंग टाकून काठोकाठ भरले. वर ६४ जीबी लिहिलंय. दोन नीट चालले. दोन हळदीपर्यंतच, पुढे नुसतं काळं; आत जागा लिहिल्याच्या निम्मीही नाही. कॉपी करताना मात्र चारही गुणी बाळं! स्वस्ताई अंगाशी आली. दिलेले सहा कसे असतील?

६ फेब्रु.
पाच बदलून देता येतील, मूळ फाइली आहेत. सहावा मखमलाबादच्या शेवंतीवाल्या काकांचा, मुलीच्या लग्नाचा. त्याचं मूळ मी जागा करायला पुसलं. अनीसभाईंची कॅमेऱ्यातली कार्डंही कधीच पुसलेली.
लग्नानंतर महिन्याभरात काकू गेल्या. हळद दळताना त्या गायल्या होत्या. घरात त्यांचा आवाज तेवढाच.
आणि ते गाणं मी हळदीतून उचलून पाठवणीवर लावलं. अगदी शेवटी. केवढी मिरवले होते! जागच्या जागी असतं तर... गाढव मी.

८ फेब्रु.
गप्प बसावं? काकांचा फोन, "पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध हाय. तवा लग्नाचं शूटिंग सगळे मिळून बघू. तुम्हीपण या."

९ फेब्रु.
गेले. सगळं सांगून टाकलं, गाणं हलवल्याचंही. काकांनी देव्हाऱ्यातून पे.ड्रा. काढला. हळदकुंकू लावलेला. "अजून लावून नाय पाह्यला. धीरच नाय झाला."
ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच बघा. ती असली तर फोन करा. नसली तर नका करू."

१० फेब्रु.
पे.ड्रा. टेबलावर. हळद पुसवत नाही. सकाळपासून कॉम्प्युटर दोनदा चालू केला, दोनदा बंद.
फोन केला नाही तर त्यांना कळणारच ना? आज नाही, उद्या नाही, मग कधी कळेल?
तीन वाजता काकांचाच फोन. वाजून वाजून थांबला. उचलला नाही. म्हणजे ती नाही, असंच धरतील ते. अजून लावलेला नाही, हे तरी सांगायला हवं होतं.