यंत्राला कुंकू

दहिवली, कर्जत
ऑक्टोबर १९८३

आदरणीय संचालकसाहेब,

'मागास समाजातल्या मुली संगणक संशोधनात का येत नाहीत' यावर परिसंवादासाठी दोन पानं लिहून द्या, असं तुम्ही आज मला सांगितलंत.

दसऱ्याला आपल्या खालापूरच्या संस्थेत संगणकाची पूजा झाली. उल्हास नदीच्या पुराचा अंदाज काढणारा त्यावरचा प्रोग्राम मी लिहिलेला. तरी तुम्ही म्हणालात, "रोकडेबाई, तुम्ही बौद्ध. उगाच संकोच नको, बाहेरच थांबा." केवढी ही काळजी! मी व्हरांड्यात चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. आत तुम्ही मुठीमुठीने कुंकू आणि अक्षता उधळल्यात. ते सगळं यंत्राच्या पंचकार्डं वाचायच्या फटीत गेलं आणि यंत्र बंद पडलं. लगेच शिपाई धावत आला, "बाई, साहेब आत बोलावतायत!"

संध्याकाळपर्यंत मी ब्रशने कुंकू काढत बसले. यंत्र सुरू झाल्यावर प्रसादाचा पेढा तुम्ही हातभर वरून माझ्या ओंजळीत टाकलात. तो मी गटारात फेकला. हात कितीदा धुतले, किळस जात नाही.

घरी आई हसत सुटली, "मशिनीला कुकू कशाला गं? तिचं लगीन हाय का?" मला हसू आलं नाही.

उद्या तुम्हाला गोडगोड दोन पानं देईन, कारण धाकट्या बहिणीचा नोकरीचा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे. खरं उत्तर हे, आणि ते माझ्या पेटीतच राहील. आमच्या मुली येतात, साहेब. तुमची पूजा संपेपर्यंत चपलांजवळ उभ्या असतात.

नम्र वगैरे,
शीलवती रोकडे