सारवलेलं खळं

गागोदे बुद्रुक, ता. पेण
२४ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. मालू हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व ठीक. तुमचंही रोह्याला बरं चाललं असेल. हळवं भात कापून झालं. उशिराचं गरवं भात अजून उभं आहे; त्यावर लष्करी अळी पडली होती, ती औषधानंतर पुष्कळ कमी झाली. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. तुझ्या वहिनीने खरवस केला आणि तुझी आठवण काढून तुझ्या वाटणीचाही खाल्ला. माया म्हणतात ती हीच.

तुझं पत्र पोचलं. पायलटसाहेबांना, नीलकंठरावांना, तू रोज इस्पितळात डबा नेतेस हे चांगलं करतेस. पण तिथे सगळ्यांना 'माझ्या दादाने साहेबांना हेलिकॉप्टरातून ओढून काढलं' असं सांगत फिरू नकोस. इथे शेजारच्या मोरूने तेच लावलंय. चावडीवर सरपंचांनी मला नारळ दिला तेव्हाही म्हणाला, "दिनादादा नसता तर सायेब काय वाचला नसता." मी मान खाली घालून नारळ घेतला. लोकांना वाटलं, केवढा विनय!

ओढून काढलं हे खरं आहे. पण त्याच्या आधी काय झालं ते गावात कोणी विचारत नाही, आणि ज्याने विचारलं त्याला मी खोटं सांगितलं.

त्या सकाळी मी खळ्यावर होतो. आदल्या दिवशीच चोपून सारवलेलं, अजून ओलसर. आपल्या खळ्याचं तुला काय सांगू? लहानपणी चप्पल घालून पाय ठेवलास म्हणून मी तुला गावभर पळवलं होतं. हेलिकॉप्टर आपल्या गरव्यावर औषध मारून वळायला वर चढलं आणि त्याचा आवाजच तुटला. नुसती पाती फिरत होती, सुपाने वारा घातल्यासारखी. खाली सगळीकडे उभं भात, बांध, झाडं. मोकळी सपाट जागा एकच, आपलं खळं. ते तिकडेच येऊ लागलं.

मी खळ्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवून ओरडलो, "हितं नको! हितं नको!"

इंजिन बंद पडलंय हे मला कळलं नव्हतं, असं लिहिलेला एक कागद मी मघाशी फाडला. मालू, कळलं होतं. वर माणूस आहे हेही दिसत होतं. तरी मला शेणाची पडली होती. साहेबांनी मला पाहिलं. त्यांचं तोंड दिसावं इतके ते जवळ आले होते. माणसाच्या अंगावर कसं उतरवतील? त्यांनी वळवलं आणि हेलिकॉप्टर बांधावर आपटलं. मांडीचं हाड तिथेच मोडलं. मग मी धावलो. कोणीही धावला असता.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरच्या कंपनीचा अधिकारी चौकशीला आला. समोर मोकळं खळं असताना पायलट बांधावर कसा गेला, हेच त्याला उमगेना. मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "मी घरात व्हतो. आवाज आयकून आलो."

आता तू लिहितेस की चूक साहेबांचीच ठरली आणि त्यांचं उडणं कायमचं बंद होणार. ते मात्र एवढंच म्हणतात, 'माझा अंदाज चुकला.' त्यांनी मला ओळखलंय गो. ओढून काढत होतो तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

त्या माणसाच्या पोटावर मी पाय दिला.

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने येतोय. आधी अधिकाऱ्याला खरं काय ते लिहून देईन, मग साहेबांसमोर उभा राहीन. तू माझ्याबरोबर आत येऊ नकोस. तुझ्यादेखत माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. हे पत्र पोचल्यावर डबा नेशील तेव्हा त्यांना सांगून ठेव, खळ्यावरचा माणूस येतोय. ते समजतील.

'तुझा दादा' लिहायची आज लाज वाटते, म्हणून नुसता,
दिनानाथ