फ्लूच्या दिवसांत वेगळा कप

८ जुलै १९५७, सोमवार

खोकणाऱ्या माणसाला न दुखावता ‘तोंड तिकडे करा’ असं कसं सांगायचं? मला याचं उत्तर येत नाही. बी.ए.ला हा विषय नव्हता.

अमरावतीत फ्लू शिरला आहे. आमच्या कचेरीतले काही जण रजेवर गेले. उरलेले खोकत कामावर येतात, ते जास्त वाईट. डॉक्टरांनी मला बजावलं आहे की माझी साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते, हा फ्लू तर मुळीच होऊ द्यायचा नाही. परीक्षेच्या वर्षी बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. ओठ निळे पडले होते म्हणे. मला आठवत नाही.

कचेरीत माझ्या दम्याचं कुणालाही ठाऊक नाही. कळूही द्यायचं नाही. मी टेम्पररी आहे. सप्टेंबरात मेडिकल, मग परमनंट. आमच्या घराण्यात आजवर कुणी खुर्चीवर बसून पगार घेतलेला नाही.

संकल्प: कुणालाही न कळता प्रत्येकापासून दूर राहायचं. अवघड नाही. बुद्धी वापरायची.

९ जुलै

हेडक्लार्क केशवराव जिभेला बोट लावून फायलीची पानं उलटतात. मग तीच फाईल माझ्याकडे येते. आज एका वाटीत ओला स्पंज घालून त्यांच्या टेबलावर ठेवला. खूश झाले. “पोरगी हुशार आहे.”

१० जुलै

केशवराव आधी जिभेला बोट लावतात, मग स्पंजाला.

१२ जुलै

टेबल खिडकीशी हलवलं. मोकळी हवा. दुपारी झड आली आणि मोर्शी तालुक्याचे सगळे कागद भिजले. शिपाई सूर्यभान टेबल परत ओढताना म्हणाला, “काहून बाई, आत काय तुमाले फाशी देऊन रायले?” आता माझं टेबल पहिल्यापेक्षाही केशवरावांच्या जवळ आहे.

मग नाकातोंडावर पदर घेऊन काम केलं. कामासाठी आलेल्या एका पाटलांनी विचारलं, नवीनच लग्न झालं का.

१५ जुलै, सोमवार

खरा प्रश्न चहाचा आहे.

एप्रिलात मी रुजू झाले त्या दिवशी चहा आला आणि सगळी खोली गप्प झाली होती. गेल्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो हे सगळ्यांना ठाऊक, आणि त्याआधी कोण होतो हे तर त्याहून पक्कं ठाऊक. तेव्हा टायपिस्ट प्रमोदिनी उठली. ती भटजींच्या घरची सून. तिने आपला अर्धा चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि तीच बशी माझ्यापुढे धरली. तेव्हापासून रोज तसंच चालतं. कप तिचा, बशी दोघींची, आणि सगळ्यांच्या देखत.

शुक्रवारपासून प्रमोदिनी खोकते आहे.

आज घरून माझा कप नेला. मला साखर कमी लागते असं सांगून वेगळा चहा घेतला. कुणाला काही कळलं नाही. योजना यशस्वी.

१६ जुलै

कळलं, पण भलतंच.

सूर्यभानने कप विसळून विचारलं, “बाई, हा खिडकीत ठिवू का? पयले ते नत्थुजी होते ना तुमच्यातले, त्यायचा तिथंच राहे.” मी म्हटलं, सगळ्यांबरोबर ठेव. “मंग वेगळा कायले आणला?” त्याने खिडकीत ठेवला.

दुपारी केशवराव कुणाला तरी सांगत होते, “शिकलेली आहे, पण सांगावं लागलं नाही. आपणहून समजली.” ते माझी स्तुती करत होते.

१७ जुलै

प्रमोदिनी माझ्याशी बोलत नाही. त्या बशीपायी सासूने तिला कितीतरी दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, हे मला आज दुसरीकडून कळलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही.

दम्याचं सांगून टाकावंसं वाटलं. पण ती मनाने इतकी स्वच्छ आहे, की माझ्या काळजीने आधी केशवरावांकडेच जाईल. म्हणून तत्त्वाचं बोलले. समता कपबशीत नसते, मनात असते, वगैरे. मला वाटतं मुद्देसूद झालं. तिने खोकत खोकत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझ्या सासूबाईसुद्धा हेच म्हणतात.”

२१ जुलै, रविवार

सूर्यभान बाबांना बाजारात भेटला. बाबा जेवले नाहीत.

आईने फार विचारलं तेव्हा म्हणाले, “माह्या बापानं करवंटीत चहा पेला. अन् हे बी.ए. होऊन घरून कप घेऊन जाते.” मी म्हटलं, बाबा, फ्लू आहे. माझ्या छातीचं तुम्हाला ठाऊक आहे. “मले हाये ठाऊक. त्यायले कुठं हाये?”

आई मध्ये पडली. पोरगी मरन तवाच तुमाले समजन, म्हणाली. बाबा उसळले. “मी का तिले मर म्हणून रायलो? बोल म्हणून रायलो! नोकरी गेली तं गेली.” हे म्हणणाऱ्या माणसाने आमच्या सगळ्या फ्रेजरपुरा वस्तीत मी परमनंट झाल्याचं आधीच सांगून ठेवलं आहे.

उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं. खरं कळलं की गैरसमज उरत नाही.

२२ जुलै, सोमवार

सांगितलं. चहाच्या वेळी उभं राहून. मला दमा आहे, म्हणून वेगळा कप, दुसरं काहीही कारण नाही.

केशवराव म्हणाले, “ते तं एप्रिलपासून ठाऊक आहे, बाई. तुम्ही जिना चढल्या की शिट्टी इथपर्यंत येते. मेडिकलच्या दिवशी तेवढी सांभाळा.” सूर्यभान म्हणाला, “मी तं ते शिट्टी आयकूनच चहा सांगतो.” सगळे हसले. वाईट नाही हसले.

म्हणजे दमा सगळ्यांना माहीत होता. तरी वेगळ्या कपाचं कारण दमा असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. प्रमोदिनीच्याही नाही.

ती रडली. म्हणाली, तुझा कप तूच घे गं, मला आता काही वाटत नाही. मी केशवरावांना विचारलं, मग कप बाकीच्यांच्या कपांत ठेवायला हरकत नाही ना? ते म्हणाले, “कारण काही का असेना, चाललं आहे ते बरं चाललं आहे.” सूर्यभानने कप विसळला आणि खिडकीत ठेवला. सवयीनेच.

२५ जुलै, गुरुवार

कचेरीत गेले नाही. घसा खवखवतो, अंग कसकसतं. पावसाळी हवा असणार. आईने अडुळसा उकळला आहे. बाबा आज कापसाच्या जिनात कामाला न जाता दाराशी बसून आहेत. सारखे माझ्याकडे बघतात.

मंगळवारचं लिहायचं राहिलं. चहा आला. सूर्यभान माझा कप आणायला खिडकीकडे निघाला आणि कुणी वरसुद्धा पाहिलं नाही. तेच मला सहन झालं नाही. मी शास्त्रीय विचार केला. चहा उकळलेला असतो. उकळलेल्यात जंतू टिकत नाहीत. एका घोटात तर मुळीच नाहीत. प्रमोदिनीला म्हटलं, ओत. ती नको नको म्हणत होती, तोंडावर रुमाल धरून खोकत होती. मी बशी तिच्यापुढे केली, तिला आधी एक घोट घ्यायला लावला, आणि उरलेला चहा सगळ्यांच्या देखत प्यायले.