चौसष्ट केबीची म्हैस

रवि. ३ डिसें. २००६
म्हैस एकदाची चौसष्ट केबीत बसली. त्याहून मोठी फाइल या मोबाइलवर चढतच नाही, म्हणून शिंगं तासली. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाडीमागं म्हैस पळवतात, तसाच गेम. गाडीचा आवाज वाढवायचा, म्हशीनं मागं यायचं, वाटेत खड्डे. आईला दाखवला. "ही म्हैस व्हय रं? डुक्कर दिसतंय." पण अर्धा तास मोबाइल सोडला नाही. आमच्या मेलमध्ये टाकून सुहासला कळवलं.

गुरु. ७ डिसें.
सुहासचा पुण्याहून फोन. "भावा, नाद खुळा! साहेबांना दाखवतो." त्याची कंपनी मोबाइल गेमच काढते. दोघांचं नाव लागणार म्हणाला.
कॉलेजपासून आमचा ईमेल आयडी एकच, पासवर्डही एकच. सगळा कोड त्यातच ठेवतो, घरचा कॉम्प्युटर भरवशाचा नाही. आई हसते, "एका चपलेत दोघं चालतात व्हय?"

सोम. १८ डिसें.
सायबर कॅफेत गेलतो. पासवर्ड चुकीचा. कॅप्स लॉक बघितला, मशिन बदललं. तेच.
सुहास: "मीच बदलला लेका, सेफ्टीसाठी. संध्याकाळी सांगतो." सांगितला नाही.

शनि. २३ डिसें.
घरी नोव्हेंबरची जुनी प्रत सापडली. त्यात खड्डे नाहीत, आवाज नाही. पुन्हा लिहायला बसलो, चिडून उठलो. फोन केला तर "मीटिंगमधी हाय." कालपण मीटिंगच होती. एवढं काय बोलतात कुणास ठाऊक.

मंगळ. ९ जाने. २००७
आपल्या इथल्या मंगळवार पेठेत रिचार्ज मारायला गेलतो. दुकानदार मोबाइलवर गेम खेळत होता. "पावणं, बघा की, लय भारी आलाय!" लाल गाडी, मागं बैल. खड्डे तेच, त्याच जागी. सुरुवातीला सुहासचं नाव. एकट्याचं.
म्हटलं, उगं संशय नको. मोबाइल मागून घेतला. माझ्या गेममधली एक चूक काढायची राहिली होती. उडी मारताना पाच आणि लगेच दोन दाबलं की म्हैस हवेतच थांबते. दाबलं. बैल हवेत लटकला.
"हँग झाला जणू," दुकानदार म्हणाला. मी हूं म्हटलं आणि रिचार्ज न करताच घरी आलो.

बुध. १० जाने.
केसानं गळा कापला. दुसरा शब्द नाही. चार वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही.
आई: "जा पुण्याला, दे एक कानफटात." देईन की. पण गेम माझा म्हणून दाखवू काय? तारखांसकट सगळं त्या मेलमध्ये आणि किल्ली त्याच्याकडं.

गुरु. १८ जाने.
सुहासचा फोन, स्वतःहून. "साहेबांनी माझंच नाव टाकलं, मी काय करू?" मग लगेच, "लोकांच्या तक्रारी यायल्यात. बैल हवेत थांबतोय. तीन दिवस झालं, कुठं चुकलंय कळंना. सांग की."
"पासवर्ड काय ठेवलास?"
"उद्या करतो फोन."
लाज कशी वाटत नाही या माणसाला! वर मलाच इचारतोय.
चूक एका ओळीत आहे. ती ओळ मला तोंडपाठ. सांगणार नाही असं आईला सांगून टाकलंय. पण खरं लिहायचं तर, माझी म्हैस तशी लटकलेली मला बघवत नाही.