मऊ घास

३ मार्च
पोचले. आज दोनशे साठ किलोमीटर झाले, त्यातले शेवटचे तीस निव्वळ खड्डे, तरी मन प्रसन्न आहे. खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. ओलं जाकीट टांगायला दणकट हुक, हेल्मेट उपडं घालायला लाकडी खुंटी, खाली नळापाशी बूट घासायला दगडसुद्धा. गाडीवरून हिंडणाऱ्या माणसाला काय लागतं, ते या घरात कुणाला तरी नीट कळलेलं आहे.

आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपसाठी मी एक पुस्तिका करते आहे. मोठी हॉटेलं सोडून, घरच्या माणसांनी चालवलेल्या खाण्या-राहण्याच्या जागा. हे काम माझ्याकडे आलं, कारण ग्रुपमध्ये माझ्याइतकं चवीनं खाणारं दुसरं कुणी नाही. सगळे मला खादाडताई म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. हा पत्ता मास्तरांनी दिलेला. ते आमच्यातले सगळ्यात जुने, निवृत्त शिक्षक, एकटा जीव. गेल्या वर्षी त्यांचं कार्ड आलं होतं, त्यावर पत्ता आणि ‘इथे जेव’ एवढंच. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. कुठेतरी रमले असतील, असं आम्ही धरून चाललो.

घरात तिघं. मावशी, काका आणि काकांची बहीण. तिला मावशी वन्सं म्हणते, म्हणून मीही. तिघंही साठीच्या पुढची, पण दात असे की तरण्याताठ्यांनी हेवा करावा.

जेवणात मटणाचा मऊ गोळा, बटाटा आणि गाजर, तेही कुस्करलेलं. लोणी झक मारेल त्याच्यापुढे. टेबलावर नुसता चमचा, सुरी नाही की काटा नाही. मी ताट बोटानं पुसून घेतलं.

४ मार्च
गाडीची चेन पार झिजली आहे. गावातल्या मेकॅनिकने नवी मागवली, तीन-चार दिवस लागतील म्हणाला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणे, तुझी चेन नेमकी चांगल्या जेवणापाशीच कशी झिजते.

पुस्तिकेसाठी मावशीला विचारलं, एवढं मऊ कसं करता, मिक्सर कुठला. ती हसली. म्हणाली, यंत्राची चव उतरते बाई, आमच्याकडे सगळं माणसाच्या कष्टाचं. मला तोंड उघडायला लावून तिने माझे दात पाहिले आणि म्हणाली, बिचाऱ्यांना किती राबवलंस.

दुपारी माझ्याजवळचं सफरचंद काढलं. वन्संनी ते हातातून हळूच काढून घेतलं आणि थोड्या वेळाने वाटीत त्याचा गर करून आणून दिला. वर बारीक फेस होता. कोमट होता.

माझ्याशिवाय वर आणखी माणसं राहतात. दिसली नाहीत. मावशी तीनदा झाकलेली पातेली घेऊन वर गेली.

६ मार्च
सकाळी ब्रश गुलाबी झाला. हिरड्या दुखत नाहीत, नुसत्या खाजतात. उजवीकडची दाढ जिभेनं ढकलली की हलते.

मेकॅनिककडे गेले होते. भला माणूस. त्याला म्हटलं, घरी चल, मावशी जेवल्याशिवाय सोडणार नाही. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, आपण आपल्या घरचंच खातो. बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होता. चेन आजच बसवतो म्हणाला, उद्या सकाळीच घेऊन जा.

दुपारच्या जेवणात चमचा उचलला तर त्यामागे एक तार आली. चांगली हातभर, पारदर्शक, मध्ये बुडबुडे. तुटेना. चीज असेल म्हणून गिळली.

७ मार्च, सकाळी ११
लिहायलाच हवं.

निघण्याआधी बूट धुवायला गरम पाणी हवं होतं, म्हणून मागच्या बाजूने स्वयंपाकघराकडे गेले. दाराला जाळी आहे. आत तिघं बुटक्या स्टुलांवर बसलेली, गुडघ्याला गुडघा लावून. मध्ये पत्र्याचा टब. बाजूला शिजलेल्या मटणाचा ढीग. एकेक तुकडा तोंडात घालायचा, चावायचा, बराच वेळ चावायचा, मग वाकून टबात सोडायचा. थुंकत नव्हती. हळूच सोडत होती. वन्संच्या हनुवटीवरून ओघळलं ते तिने बोटानं निपटून टबातच घातलं, वाया जाऊ नये म्हणून. काका मधेच थांबून जबडा चोळत होते. नुसता चप् चप् आवाज, आणि टबातल्या लगद्यावर वाफ.

तो लगदा मी ओळखला. बाजूला माझं ताट मांडून ठेवलेलं होतं.

मावशीने मान वर केली. मला वाटलं होतं दचकेल. तोंडातलं संपवून, ओठ पदराने टिपून ती म्हणाली, ‘अगं, कुठल्या आईने केलं नाही हे? चार दिवस ताट पुसून खाल्लंस की.’

मी अंगणातच ओकले. काकांनी बादलीभर पाणी ओतून जागा धुतली, रोजचं काम असल्यासारखी.

७ मार्च, दुपारी
सामान घ्यायला वर गेले तर शेजारचं दार उघडं होतं. आत चार जण भिंतीला टेकून ओळीनं बसलेले. खुंटीवर चार जाकिटं, धूळ खात. माझ्या पावलांचा आवाज होताच चौघांनी डोळे मिटून तोंडं उघडली, मान मागे टाकून. आत एकही दात नाही. लाल, ओल्या, तान्ह्या मुलासारख्या हिरड्या.

ओळीतले दुसरे मास्तर आहेत.

त्यांच्या हाताला धरून ओढलं. अंग ढिलं, पिठासारखं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. बोबडं बोलले, पण कळलं. म्हणाले, ‘ताई, पहिले दोन दिवसच किळस येते.’ आणि पुन्हा तोंड उघडून बसले.

मी त्यांना तिथेच सोडून पळाले. हे खरं आहे, तसंच लिहिते.

८ मार्च
मेकॅनिककडून गाडी घेऊन सुटले, नव्वद किलोमीटरवर आहे. एका बेकरीच्या मागे खोली मिळाली. कुणी अडवलं नाही मला, मावशी फाटकात उभी राहून हात हलवत होती.

पाव घेतला. चावला. दाढ पावातच राहिली.

दूध ओकले. भात ओकले. पाणी राहतं. जे पोटात जातं ते उपरं असल्यासारखं बाहेर येतं. नवऱ्याला फोन केला. त्याला सांगणार काय. आजारी आहे, एवढंच म्हटलं. पत्ता सांगितला, तो निघतो म्हणाला, चार दिवसांचा रस्ता आहे. पत्ता कुठला सांगितला ते फोन ठेवल्यावर कळलं. बेकरीचा नाही. परत लावला, लागला नाही. गाडीवर असेल.

९ मार्च
पुढचे दोन गेले. दुखलं नाही. रक्तही फारसं नाही. बेकरीवाली आरशातून बघत होती, मग तिने मुलांना आत बोलावलं.

चमचाभर पेजसुद्धा नाही.

सारखं तोंडाला पाणी सुटतं. त्या पाण्याला तिथली चव आहे. याची किळस येते, आणि तरी मी ते गिळते, पुन्हा येऊ देते, पुन्हा गिळते —

नवरा तिकडे पोचायच्या आत त्याला फाटकात गाठायचं. त्यासाठीच जाते आहे. त्यासाठीच.

१० मार्च
फाटकाबाहेर थांबायचं होतं. मावशी वाटी घेऊन आली. आधी कोमट आहे का बघितलं तिने, तोंडात घेऊन. मग —

खाल्लं. राहिलं पोटात.

रडले. ती पाठीवरून हात फिरवत होती.

११ मार्च
किळस कमी — मास्तर म्हणाले होते ते

मधली जागा माझी. माझं जाकीट पाचव्या खुंटीवर. मास्तरांचं डोकं माझ्या खांद्यावर असतं. त्यांची लाळ बाहीवर सुकते. दूर सरायला हवं. सरत नाही —

१२ मार्च
खाली गाडी आली. आमची जुनी. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

त्याचा आवाज. बायको कुठे म्हणून विचारतोय. मावशी सांगते, झोपली आहे, दमली आहे, लांबून आलात, आधी चार घास खाऊन घ्या.

खुर्ची सरकली.

हाक मारली. नुसतं भ — भ — निघालं. दात नाहीत, शब्द धरायला काही —

हे पान फाडून खिडकीतून त्याच्यापुढे टाकते. खिडकी चार पावलांवर आहे. जेवू नकोस. ताटाला हात लावू नकोस. मला न घेताच परत फि

जिन्यावर पावलं. वाटीवर चमचा वाजतो.

आधी खिडकी. आधी खिडकी, मग

मास्तरांनी तोंड उघडलं. सगळ्यांनी. माझंही आपोआप उघ